चुसॉकच्या सकाळी ख्रिस्ती घरात काय होतं?

कोरियातला चुसॉक हा सण त्यांच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. त्यांचा अधिक महिना आणि आपला अधिक महिना दर वेळी एकत्र पडत नाही. त्यामुळे २०२४ साली हा सण आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास, पितृपक्षाच्या तोंडावर आला, आणि २०२५ साली ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीच्या दिवशी. २०२६ मध्ये तो २५ सप्टेंबरला आहे, म्हणजे परत पितृपक्षाला लागून. मराठी वाचकाला या दोन्ही तिथींवरून सणाचा अंदाज येईल, कारण चुसॉकमध्ये दोन्ही गोष्टी आहेत: पूर्ण चंद्र आणि नवं धान्य, शिवाय घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण.

आदला दिवस, सणाचा दिवस आणि नंतरचा दिवस अशी तीन दिवस सरकारी सुट्टी असते. सोलमधून गावाकडे जाणारे रस्ते तुंबतात. थोरल्या भावाच्या घरी सगळे जमतात, सोंगप्यॉन करतात. गरम पाण्यात मळलेलं तांदळाचं पीठ, त्यात तीळ-साखर, घेवडा किंवा चेस्टनटचं सारण, अर्धचंद्रासारखा आकार, आणि पाइनच्या हिरव्या सुया अंथरून त्यावर वाफवायचं. उकडीचे मोदक वळणाऱ्या बाईला हे काम शिकवावं लागणार नाही.

इथवर कुणाचंच काही अडत नाही. अडतं ते सणाच्या सकाळी, जेव्हा भिंतीशी पडदा उभा करून त्याच्यापुढे पूर्वजांसाठी टेबल मांडलं जातं.

दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेत १९.७ टक्के लोकांनी स्वतःला प्रॉटेस्टंट म्हटलं आणि ७.९ टक्क्यांनी कॅथलिक. म्हणजे चारातला एकाहून अधिक माणूस ख्रिस्ती. तेव्हा मोठं कुटुंब जमलं की त्यात एक-दोन तरी चर्चला जाणारे असतातच, आणि ‘वाकायचं की नाही’ हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या खोलीत हळू आवाजात चाललेला असतो.

त्या टेबलावर नक्की काय होतं ते आधी नीट पाहू. सणाच्या सकाळच्या या विधीला चार्ये म्हणतात. पुण्यतिथीला रात्री होतो तो मोठा विधी जेसा. टेबलाच्या मागे घडीचा पडदा, त्याच्यापुढे पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी, नाहीतर त्या दिवसापुरती कागदाची पट्टी. पदार्थांच्या रांगा ठरलेल्या: मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला, लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. पीच हे फळ ठेवायचं नाही, कारण त्याने आत्मे पळून जातात अशी समजूत आहे. लाल मिरची आणि लसूणही टाळतात. उदबत्ती लावून आत्म्यांना बोलावलं जातं, तांदळाची दारू पेल्यात ओतून अर्पण होते, सगळे जमिनीवर कपाळ टेकून दोनदा नमस्कार करतात, आणि थोडा वेळ जेवायला दिला जातो. रात्रीच्या जेसामध्ये तर या वेळी दार लावून सगळे बाहेर थांबतात, म्हणजे आलेल्यांना निवांत जेवता यावं. शेवटी निरोपाचा नमस्कार करून कागदाची पट्टी जाळतात आणि तेच अन्न सगळे वाटून खातात.

यातल्या नमस्कारांची संख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोरियात जिवंत वडीलधाऱ्यांना एकदा वाकतात, मृतांना दोनदा. सॉल्लालला, म्हणजे चांद्र नववर्षाला, नातवंडं आजी-आजोबांपुढे गुडघे टेकून एकदा वाकतात, आशीर्वाद आणि पैसे घेतात. तो नमस्कार कट्टर प्रॉटेस्टंट घरांतही बिनदिक्कत होतो. वाकण्याला विरोध नाही. ज्याच्यापुढे वाकायचं तो तिथे बसला आहे, जेवतो आहे आणि आपलं बरं-वाईट करू शकतो, या गृहीताला विरोध आहे.

एकाच विधीत तीन गोष्टी घट्ट विणलेल्या आहेत असं मला वाटतं: आठवण, कृतज्ञता आणि उपासना. पहिल्या दोन गोष्टी ख्रिस्ती माणसाकडून बायबलच मागतं. आईबापाचा मान राखणं ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे. तिसरी मात्र देवावाचून कुणालाच द्यायची नाही, हीही त्याच दहांतली आज्ञा. प्रश्न असा की विणलेल्या तीन धाग्यांतला एकच कसा काढायचा. कोरियातल्या ख्रिस्ती लोकांनी या प्रश्नापायी जीव दिले आहेत, म्हणून तो ‘एवढं काय, पाच मिनिटं वाका’ असं म्हणून मिटत नाही.

गोष्ट १७९१ सालची. चोसॉन, म्हणजे तेव्हाचं कोरियाचं राज्य, कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर चाललेलं. तिथल्या विद्वानांनी चीनमधून आलेली कॅथलिक पुस्तकं वाचून स्वतःच विश्वास धरला होता. १७८४ मध्ये त्यांच्यातल्या एकाने बीजिंगला जाऊन बाप्तिस्माही घेतला. मिशनरी अजून देशात आलेच नव्हते. बीजिंगच्या बिशपांकडून १७९० मध्ये उत्तर आलं की पूर्वजांचे विधी चालणार नाहीत. रोमचा, म्हणजे पोपचा, निर्णय तसा आधीच झालेला होता, १७१५ आणि मग १७४२ साली. (याच काळात मदुराईकडच्या ख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींवरूनही रोममध्ये असाच वाद चालला होता आणि त्याचा निकाल १७४४ मध्ये लागला. नवा विश्वास जुन्या घरात कसा राहील, हा आशियाभरचा प्रश्न होता.) जिनसानच्या युन जी-चुंग या उमरावाने पूर्वजांच्या पाट्या जाळल्या. १७९१ मध्ये आई वारली तेव्हा त्याने शोक पाळला, दफन केलं, पण तिच्या नावाची पाटी बसवली नाही आणि जेसाही केला नाही. त्याचा नातलग क्वॉन सांग-यॉन याच्याबरोबर त्याला जॉन्जू इथे मृत्युदंड दिला गेला. राज्याच्या दृष्टीने हा गुन्हा धर्माचा नव्हताच. ज्याने बाप नाकारला तो उद्या राजाही नाकारेल, असा हिशेब होता. पुढे १८६६ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या छळापर्यंत पुनःपुन्हा हेच झालं, हजारो मेले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी सोलमध्ये युन जी-चुंग आणि त्याच्या १२३ सोबत्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली.

त्या काळातला एक युक्तिवाद मला फार प्रामाणिक वाटतो. १८३९ मध्ये मारला गेलेला जॉंग हा-सांग याने राज्याच्या प्रधानाला आपल्या विश्वासाची बाजू लिहून दिली होती. आईबाप झोपलेले असताना कितीही मायाळू मुलगा त्यांच्यापुढे ताट वाढत नाही, कारण झोपलेला माणूस जेवू शकत नाही, मग कायमचे झोपलेल्यांपुढे ते वाढण्यात काय अर्थ, असं त्यात होतं. आईबापावरची माया कमी आहे म्हणून तो नकार देत नव्हता. खोटं आदरातिथ्य त्याला नको होतं.

मग आज कॅथलिक घरात चार्ये कसा होतो? कारण १९३९ मध्ये रोमने भूमिका बदलली. पूर्वजांपुढे वाकणं हा आता मुख्यतः सामाजिक आदर आहे, असं मानून परवानगी दिली गेली. पण सरसकट नाही. मृताच्या फोटोपुढे किंवा नुसतं नाव लिहिलेल्या पाटीपुढे वाकायला, उदबत्ती लावायला, पदार्थ मांडायला हरकत नव्हती. आत्म्याला हाक मारून बोलावणं आणि दार लावून त्याला जेवू देणं वगळलं गेलं. कोरियाच्या बिशपांनी २०१२ मध्ये घरच्या विधीची जी पद्धत मान्य केली तिच्यातही हीच रेषा आहे: ‘इथे अमक्याच्या आत्म्याचं आसन’ अशा अर्थाचा जुना मजकूर पाटीवर नको, नाव किंवा फोटो चालेल. बरीच घरं सकाळी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जातात, मग घरी क्रूस, फोटो, मेणबत्त्या, फुलं ठेवून प्रार्थना, वाचन, नमस्कार, आणि जेवण. कॅथलिक माणूस तसाही मृतांसाठी प्रार्थना करतोच. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कबरी साफ करून मेणबत्त्या लावणाऱ्या घरांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

प्रॉटेस्टंटांनी ही वाट धरली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो हट्ट वाटतो. मला तसं वाटत नाही, कारण त्यांच्याकडे त्याच वर्षांतला वेगळा अनुभव आहे. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. जपानी सरकारने शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या मंदिरांपुढे वाकण्याची सक्ती केली आणि सांगितलं की हा धर्म नाही, नुसता नागरिकाचा शिष्टाचार आहे. रोमने १९३६ मध्ये हे म्हणणं मानलं. १९३८ मध्ये प्योंगयांगला प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या महासभेने पोलिसांच्या पहाऱ्यात तोच ठराव केला. ज्यांनी वाकायला नकार दिला ते तुरुंगात गेले. त्यांतले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, चू गी-चॉल १९४४ मध्ये तुरुंगातच वारले. ‘ही फक्त संस्कृती आहे’ या वाक्याची किंमत ज्या मंडळीने अशी मोजली, ती मंडळी तेच वाक्य दुसऱ्या टेबलाजवळ ऐकताना सावध होणारच.

पण नकार देऊन घर चालत नाही. जेसा काढला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही, तर मुलांना पणजोबांचं नावही कळत नाही, आणि शेजारी म्हणतात की ख्रिस्ती लोक आईबापाला विसरतात. हे पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांनाच कळलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मिशनरी येऊन जेमतेम दहा-बारा वर्षं झालेली असताना, कोरियन प्रॉटेस्टंटांनी आपणहून पुण्यतिथीला स्मरणाची प्रार्थनासभा भरवायला सुरुवात केली. कुठल्या परदेशी पुस्तकात ही सभा नव्हती. तिला चुदो येबे म्हणतात आणि आज चुसॉक, सॉल्लाल आणि पुण्यतिथी या तिन्ही वेळी ती होते.

तिचं रूप साधं आहे. सणाआधीच्या रविवारी बऱ्याच चर्चमध्ये घरच्या उपासनेचा छापील कागद वाटतात. सणाच्या सकाळी हॉलमध्ये सगळे जमिनीवर गोल बसतात. फोटो ठेवला तर कपाटावर किंवा बाजूच्या टेबलावर. समोर, सगळे तोंड करून बसतील अशा जागी नाही. एक गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, वडीलधाऱ्याचे चार शब्द, मग आठवणी, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. प्रार्थना मृताला उद्देशून नसते आणि मृतासाठीही नसते. ती मृताबद्दल देवाचे आभार मानणारी असते. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण प्रॉटेस्टंट घर त्याच्यावरच उभं आहे.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे आठवणी, आणि दुर्दैवाने तोच बऱ्याचदा उरकला जातो. गीत झालं, वाचन झालं, ‘चला जेवायला’. असं करू नये. जेसाची ताकद तपशिलात होती: आजोबांना आवडायचा तो मासा, त्यांच्या नावाची पट्टी, चार पिढ्यांची मोजणी. तेवढाच तपशील शब्दांत यायला हवा. आजी १९५० च्या युद्धात कुठून कुठे चालत आली, कुणाला पाठीवर घेऊन आली, पहिल्यांदा चर्चमध्ये कुणाबरोबर गेली, हे तिच्या मुलाने सांगावं आणि नातवाने विचारावं. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात यार्देन नदीतून उचललेले बारा दगड रचून ठेवलेले आहेत, ते मुलांनी ‘हे दगड कशाचे?’ म्हणून विचारावं यासाठीच. दगडांपुढे कुणी वाकत नाही, पण दगड आहेत म्हणून प्रश्न निघतो.

वाचनासाठी मी चुसॉकला बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय सुचवेन. त्यात नव्या पिकाची टोपली घेऊन माणूस देवापुढे येतो आणि आधी आपल्या भटक्या पूर्वजाची गोष्ट सांगतो. पुढे त्याच अध्यायात, चौदाव्या वचनात, तो म्हणतो की यातलं काहीही मी मृतासाठी दिलेलं नाही. सुगी, पूर्वज आणि मर्यादा, तिन्ही एका पानावर. कोरियन घरासाठी मुद्दाम लिहिल्यासारखा हा मजकूर आहे.

आता अवघड भाग: घर मिश्र असतं तेव्हा. नवऱ्याचं घराणं जेसा करणारं, सून चर्चला जाणारी. तिला काय करता येईल? स्वयंपाक करायला हरकत नाही, हे बहुतेक पाळक सांगतात. तिचं काम जेवण बनवणं आहे. विधीच्या वेळी मागे उभं राहून डोळे मिटून आपल्या देवाची प्रार्थना करणं, हा अनेकींनी स्वीकारलेला मार्ग. पण तो त्या सकाळी अचानक स्वीकारला तर सासऱ्यांचा सर्वांसमोर अपमान होतो. महिना-दोन महिने आधी, नवऱ्याने स्वतः आपल्या वडिलांजवळ बसून सांगावं. सुनेला पुढे करून नवरा गप्प राहिला तर सगळा राग तिच्यावर येतो, आणि हे फार घरांत होतं. बायबलमध्ये नामान नावाचा सेनापती आहे. राजाला हात देताना मला परक्या देवळात वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी, असं तो अलीशा या संदेष्ट्याला म्हणतो, आणि संदेष्टा त्याला शांतीने पाठवतो. या गोष्टीवरून वाकायची मोकळीक मिळते असं मी म्हणणार नाही. पण अशा कोंडीत सापडलेल्या माणसाशी किती मऊपणाने बोलायचं, ते तिच्यातून नक्की शिकता येतं.

टेबलावरून उतरलेलं अन्न खायचं का? बायबलमध्ये, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत हाच प्रश्न आहे. मूर्ती म्हणजे काही नाही, तेव्हा अन्न हे अन्नच. बाजारात मिळेल ते न विचारता खा. पण कुणी मुद्दाम ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. कोरियन घरात सगळ्यांना सगळं माहीतच असतं, म्हणून इथे मतं वेगळी पडतात. काही जण आभार मानून खातात, काही जण टेबलावर न गेलेलं स्वयंपाकघरातलं खातात. रोमकरांस पत्रातल्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. आपल्याकडे श्राद्धाच्या जेवणाचं बोलावणं आलेल्या मराठी ख्रिस्ती घरांनाही ही चर्चा नवी नाही.

वाकणं नाकारलेल्या माणसावर एक जादा जबाबदारी येते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू अशा लोकांना खडसावतो, जे आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकतात. जो मुलगा जेसाच्या टेबलापाशी सरळ उभा राहतो, त्याने बाकीच्या बाबतीत सर्वांच्या पुढे असायला हवं. सणाआधी कबरीवरचं गवत कापायला डोंगरावर जावं लागतं. उन्हात, पाठीवर यंत्र घेऊन, गांधीलमाश्यांच्या मध्ये. त्या कामाला त्याने पहिलं जावं. आईच्या दवाखान्याचा खर्च, वडिलांना दर आठवड्याला फोन, भावांतली भांडणं मिटवणं, हे सगळं त्याच्याकडून दिसलं तरच ‘मी आईबापाचा मान राखतो’ हे त्याचं म्हणणं घरात टिकतं.

आणि स्वयंपाकघर. सणानंतर बायकांना येणाऱ्या थकव्याला आणि चिडचिडीला कोरियात आजारासारखं नावच आहे. दोन दिवस ओणवं बसून मासे, भाज्या, टोफू पिठात बुडवून तळत राहायचं, आणि विधीच्या वेळी पुढे मात्र पुरुष. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कन्फ्यूशियन परंपरेची मुख्य संस्था सॉंगग्युनग्वान हिनेच जाहीर केलं की चार्येला तळलेले पदार्थ लागत नाहीत, नऊ पदार्थांत टेबल पूर्ण होतं. परंपरेचे राखणदार असं म्हणत असताना ख्रिस्ती घरात, जिथे टेबलच नाही, तिथेही सुना पहाटेपासून तळतच असतील तर ते मला पटत नाही. उपासना वीस मिनिटांची आणि भांडी चार तासांची, आणि ती भांडी एकाच बाजूला, याला विश्वासाने साजरा केलेला सण कसं म्हणायचं? सोंगप्यॉन सगळ्यांनी वळावेत. भांडी जावयांनी घासावीत. प्रार्थना घरातल्या आजीने चालवावी, ती सर्वांत जास्त वर्षं प्रार्थना करत आली आहे.

जेसा सोडून चुदो येबे सुरू करायचं पहिलं वर्ष सर्वांत जड जातं. थोरले काका गप्प बसतात, आत्या रडते. अशा घरांनी त्या वर्षी घाई करू नये. फोटो तोच ठेवावा, जेवणात आजोबांचा आवडता मासा असावा, कबरीवर सगळ्यांनी मिळून जावं. काका चर्चला जात नसले तरी वंशावळ त्यांनाच माहीत असते, तेव्हा आठवणी सांगायला त्यांनाच बसवावं आणि त्यांचं सांगून होईपर्यंत कुणी गीताचं पुस्तक उघडू नये.